साथीचे गणित आणि आपला वाटा

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणरायाला वंदन करून बोलायला उभा राहतो. आजचा विषय आहे भौतिकशास्त्र, उत्क्रांती आणि रोगांच्या साथी. आता भौतिकशास्त्र म्हटले की आपल्याला शाळेतला लोलक, भिंग आणि विजेचे मंडल आठवते. रोग म्हटला की डॉक्टर आठवतात. यांची गाठ कुठे पडली, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच गावातून सुरू करू.

आपला कुंडी भंडारा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून जमिनीखाली झिरपत येणारे पाणी हेरले. शंभराहून अधिक कुंड्या खोदून, त्या आतून भुयाराने जोडून त्याने ते शहरात आणले. पंप नाही, रहाट नाही, फक्त उतार. पाण्याचा कोणता थेंब कोणत्या दगडाला वळसा घालून कोणत्या कुंडीत पडेल हे त्याला सांगता आले नसते. आजही कोणाला सांगता येणार नाही. पण सगळे थेंब मिळून कुठे जाणार, हे त्याला पक्के ठाऊक होते.

भौतिकशास्त्राची एक मोठी शाखा नेमके हेच करते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवेचे असंख्य रेणू एकमेकांवर आदळत असतात. एका रेणूचा प्रवास सांगणे अशक्य, पण सगळ्यांचा मिळून दाब किती, हे आपण मीटर लावून मोजतो. मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांनी एकोणिसाव्या शतकात याचे गणित मांडले. एकाबद्दल काही सांगता येत नाही, पण समूहाबद्दल बरेच सांगता येते, असे हे शास्त्र आहे. साथ हीसुद्धा समूहाचीच गोष्ट आहे. कोणाला ताप येईल हे सांगता येत नाही. गावात ताप वाढेल की ओसरेल, हे पुष्कळ वेळा सांगता येते.

हा विचार नवा नाही. द्रवाचा वेग आणि दाब यांचा नियम शाळेत ज्याच्या नावाने शिकवतात, तो डॅनियल बर्नुली. त्यानेच १७६० साली देवीच्या रोगाचे गणित पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. त्या काळी देवीच्या फोडातला अंश निरोगी माणसाला टोचत असत. त्यात थोडा धोका असे, म्हणून लोक कचरत. बर्नुलीने हिशेब करून दाखवले की सगळ्यांना टोचले, तर माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढेल. पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास करणारा माणूस रोगाचा हिशेब मांडतो, ही परंपरा अशी अडीचशे वर्षांहून जुनी आहे.

पण या शास्त्राचा आजचा पाया ज्या आकड्यांशी जोडला गेला, ते आकडे आपल्या मुंबईचे आहेत. ते आज मला मुद्दाम सांगायचे आहेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीचा प्लेग ओळखला. पुढची कहाणी आपल्या घराघरांतल्या जुन्या माणसांनी ऐकलेली असायची. गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहणे, ‘गाठ आली’ या दोन शब्दांची दहशत. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या अमलाखाली घरझडत्या झाल्या, लोकांचा संताप उसळला आणि पुढे काय झाले, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

प्लेग एका वर्षात गेला नाही. तो दरसाल येत राहिला आणि मुंबईत दर आठवड्याला किती माणसे दगावली याची नोंद होत राहिली. त्यातली एक यादी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या एकतीस आठवड्यांची. ही यादी पुढे स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत दोन माणसांच्या टेबलावर आली. एक अँडरसन मॅकेंड्रिक. हे डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी बरीच वर्षे काढली होती. दुसरे विल्यम केरमॅक, रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी कायमची गेली. तेव्हा ते पंचविशी ओलांडत होते. डोळे गेल्यावर या माणसाने डोक्यातल्या डोक्यात समीकरणे मांडून काम चालू ठेवले. १९२७ साली दोघांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला, आणि तोही वैद्यकाच्या नव्हे, तर गणित आणि भौतिकशास्त्राच्या अंकमालेत.

त्यांची कल्पना अगदी साधी आहे. गावातल्या माणसांचे तीन गट करा. पहिला, ज्यांना रोग होऊ शकतो असे. दुसरा, ज्यांना झालेला आहे आणि जे तो दुसऱ्याला देऊ शकतात असे. तिसरा, जे बरे झाले किंवा गेले, म्हणजे खेळातून बाहेर पडले असे. आता रसायनशास्त्रात एक नियम आहे: दोन पदार्थांची क्रिया किती वेगाने होईल, हे त्यांचे रेणू एकमेकांना किती वेळा भेटतात यावर ठरते. केरमॅक आणि मॅकेंड्रिक म्हणाले, माणसांचेही तसेच धरू. पहिल्या गटातला माणूस दुसऱ्या गटातल्या माणसाला जितक्या वेळा भेटेल, तितकी लागण. एवढ्या भांडवलावर त्यांनी जे सूत्र काढले, त्याने मुंबईचा आलेख काढून दाखवला. आधी हळूहळू चढणारा, मग भराभर वाढणारा, सतराव्या आठवड्याच्या आसपास आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंचे शिखर गाठणारा आणि मग उतरणारा. मुंबईच्या नोंदी त्या रेषेच्या आजूबाजूलाच पडल्या होत्या.

या निबंधातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र आलेखाचा नाही, उंबरठ्याचा आहे. तोवर दोन समजुती होत्या. साथ ओसरते ती गावात आजारी पडायला कोणी शिल्लक राहिले नाही म्हणून, किंवा जंतूचा जोर ओसरला म्हणून. गणिताने दाखवले की दोन्हींची गरज नाही. न बाधलेली माणसे शिल्लक असतात, जंतू तितकाच दुष्ट असतो, तरी साथ मावळते. का? कारण आजारी माणसाला भेटणाऱ्यांत आता बरेच जण आधीच होऊन गेलेले असतात. त्याला रोग द्यायला पुरेसा नवा माणूस सापडत नाही.

हे आकड्यांत पाहू, म्हणजे मुलांनाही कळेल. एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो, त्या आकड्याला आपण लागण-अंक म्हणू. समजा आज गावात १०० रोगी आहेत आणि लागण-अंक १.२ आहे, म्हणजे दहा रोगी मिळून बारा जणांना देतात. पुढच्या फेरीत १२०, मग १४४, आणि दहा फेऱ्यांनंतर सुमारे ६१९. आता तोच अंक ०.८ धरा, म्हणजे दहा रोगी मिळून आठ जणांना देतात. १०० चे ८०, मग ६४, आणि दहा फेऱ्यांनंतर अकराच्या आसपास. बारा आणि आठ. दहा रोग्यांमागे केवळ चार भेटींचा फरक. एका बाजूला सहाशे, दुसऱ्या बाजूला अकरा.

मंडळी, माझ्या सगळ्या व्याख्यानातले एकच वाक्य घरी न्यायचे असेल, तर हे न्या: साथीचा उंबरठा एक या आकड्यापाशी असतो आणि त्याच्या अलीकडे की पलीकडे, हे मोजक्या भेटींवर ठरते. ‘मी एकट्याने काळजी घेऊन काय होणार?’ असे आपण म्हणतो. मुंगीने पर्वत ढकलण्यासारखे ते आहे, असे वाटते. गणित सांगते की उंबरठ्याजवळ पोचलेल्या गावात मूठभर माणसांच्या वागण्याने तराजू एका बाजूचा दुसऱ्या बाजूला झुकतो.

गोवराचे उदाहरण घ्या. जिथे कोणालाच लस दिलेली नाही, तिथे गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो. हा अंक एकच्या खाली आणायचा, तर शंभरातल्या ९२ ते ९४ जणांना संरक्षण हवे. म्हणून आरोग्य खाते ९५ टक्क्यांचा आग्रह धरते. तो आकडा कोणा साहेबाच्या लहरीचा नाही, भागाकाराचा आहे. आणि वस्तीत शंभरातली दहा मुले राहून गेली, तर ‘नव्वद टक्के झाले की’ म्हणून समाधान मानता येत नाही. त्यात ज्या तान्ह्या बाळांचे लस घेण्याचे वय झालेले नाही, त्यांचे रक्षण तर शेजारच्या मुलांच्या दंडावरच अवलंबून असते.

डासांचेही तसेच. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात शोधला. १९०२ साली त्यांना नोबेल मिळाले. पण त्यांना स्वतःला मोलाचे वाटत होते ते त्यांचे डासांचे गणित. लोक म्हणत, सगळे डास मारणे कसे शक्य आहे? रॉस म्हणाले, सगळे मारायची गरजच नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणा, मलेरिया आपोआप विझत जाईल. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कुलर लागतो आणि पावसाळा संपला तरी त्याच्या टाकीत पाणी पडून राहते. डेंगीच्या डासाला एवढे पुरते. गल्लीतल्या वीस टाक्यांतल्या पंधरा कोरड्या केल्या, तर उरलेल्या पाचांमुळे मेहनत वाया गेली असे समजू नका.

आता या गणिताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धेच सांगितले असे होईल. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. माणसाला तो उंदरावरच्या पिसवा देतात. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनाही हे माहीत होते आणि आपले सूत्र ढोबळ आहे, असे त्यांनी लिहून ठेवले होते. पुढच्या गणितज्ञांनी हेही दाखवले की मुंबईत प्लेग दरवर्षी साधारण त्याच महिन्यांत चढायचा आणि उतरायचा. त्यात ऋतूचा मोठा हात होता. म्हणजे रेषा जुळली, तरी तिच्यामागचे कारण पूर्णपणे तेच असेल असे नाही. विज्ञानात हे होते. त्यातून उंबरठ्याची कल्पना मात्र टिकून राहिली, कारण ती पुढे कितीतरी रोगांवर पारखली गेली.

शिवाय माणूस म्हणजे रेणू नव्हे. रेणू वर्तमानपत्र वाचत नाही, घाबरून गावी जात नाही, शेजाऱ्याला डबा पोचवत नाही. २०२० साली कोरोना अमुक तारखेला संपेल, असे सांगणारे अनेक अंदाज चुकले, त्याचे एक मोठे कारण हे आहे. अंदाज ऐकून माणसे वागणे बदलतात आणि वागणे बदलले की अंदाज बदलतो. आणि आणखी एक. समीकरणात सावित्रीबाईंची नोंद कशी होईल? रोग्याच्या संपर्कात आलेली एक व्यक्ती, अशी. सूत्राला तेवढेच दिसते. पण त्या संपर्कात आल्या त्या जाणूनबुजून, दुसरे कोणी जवळ जायला धजावत नव्हते तेव्हा. भेटी कमी करा असे गणित सांगते; कोणती भेट टाळायची आणि कोणती नाही, हे माणसाने ठरवायचे असते. पुण्यातला अनुभव आपल्याला हेही शिकवून गेला आहे की लोकांचा विश्वास नसेल, तर बरोबर असलेला उपायही जुलूम होतो.

आता भेटींचाच मुद्दा पुढे नेऊ. साथ किती लांबून येते? आपण नकाशावर किलोमीटर मोजतो. बुऱ्हाणपूरहून मुंबई रेल्वेने सुमारे ५०० किलोमीटर. सातपुड्यातले एखादे खेडे पन्नास. पण रोग किलोमीटर मोजत नाही, प्रवासी मोजतो. १८७० साली मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग जोडला गेला. तेव्हापासून भुसावळ आणि खंडव्याच्या मधल्या या गावाला मुंबई जवळची झाली, आणि रस्ता नसलेले खेडे लांबचे राहिले. २०१३ साली डर्क ब्रोकमन आणि डर्क हेल्बिंग या दोघा शास्त्रज्ञांनी विमानप्रवासाच्या आकड्यांवरून असा नवा नकाशा तयार केला, ज्यात दोन शहरांतले अंतर त्यांच्यामधल्या वर्दळीवरून मोजले होते. त्या नकाशावर साथीचा प्रवास पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळासारखा नीटनेटका दिसू लागला. आधी जो प्रवास वेडावाकडा वाटत होता, तो नकाशा चुकीचा घेतल्यामुळे तसा वाटत होता. लग्नकार्यासाठी, उपचारासाठी, मालाच्या खरेदीसाठी आपली ये-जा जिथे जास्त, तिथली साथ आपल्या दारात आधी.

इथवर आपण जंतूला न बदलणारा धरले. पण जंतू बदलतो आणि इथे उत्क्रांती येते. उत्क्रांती म्हटले की आपल्याला माकड आणि माणूस आठवतो, लाखो वर्षे आठवतात. जंतूंची पिढी मात्र काही वेळा अर्ध्या तासाची असते. त्यांची उत्क्रांती आपल्या डोळ्यांदेखत, एका औषधाच्या कोर्सच्या मुदतीत होते.

प्रश्न असा होता: औषध दिल्यावर जंतू त्याला सरावतात, की औषधाला न जुमानणारे काही जंतू आधीपासूनच त्यांच्यात असतात? याचा उलगडा १९४३ साली दोघांनी केला. एक साल्वाडोर लुरिया, डॉक्टर. दुसरे मॅक्स डेलब्रुक, मूळचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. लुरिया एका समारंभात नाणे टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्रापाशी उभे होते. ते यंत्र बहुतेक वेळा काहीच देत नाही आणि क्वचित कधीतरी नाण्यांचा पाऊस पाडते. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अनेक वेगवेगळ्या नळ्यांत जंतू वाढवायचे आणि मग त्यांना मारणारा विषाणू सर्वांवर सोडायचा. जंतू जर विषाणू आल्यावर सरावत असतील, तर प्रत्येक नळीत वाचणारे साधारण सारखे निघतील. पण बदल आधीच, नकळत, केव्हाही घडत असेल, तर बहुतेक नळ्यांत शून्य किंवा एखाददुसरा आणि एखाद्या नळीत शेकडो, असे निघेल. कारण तिथे बदल लवकर घडला आणि त्याची प्रजा वाढत गेली. निकाल जुगाराच्या यंत्रासारखाच आला. त्यामागचे गणित डेलब्रुक यांनी मांडले. १९६९ साली दोघांना नोबेल मिळाले.

हा प्रयोग आपल्या रोजच्या जगण्याशी किती जवळचा आहे पाहा. क्षयरोगाचे घ्या. आपल्या गावात यंत्रमागांवर अनेक जण बंद खोलीत तासन्‌तास एकत्र काम करतात, म्हणून हा रोग आपल्याला परका नाही. फुप्फुसात पोकळी झालेल्या रोग्याच्या त्या एका पोकळीत दहा कोटी ते शंभर कोटी जंतू असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो. म्हणजे हे एकच औषध दिले, तर निदान शंभर जंतू वाचणार आणि पुढचे सगळे कुटुंब त्यांचे. रिफाम्पिसिनला दाद न देणारा सुमारे दहा कोटींत एक. पण दोन्हींना दाद न देणारा? दोन दुर्मीळ गोष्टी एकाच वेळी घडायला हव्यात, म्हणून गुणाकार: एकावर चौदा शून्यांत एक. एवढे जंतू शरीरात नसतातच. म्हणून क्षयरोगाला एका वेळी तीन-चार औषधे देतात. आणि सावकाश वाढणारे, दडून बसलेले जंतूही संपावेत म्हणून साध्या क्षयरोगाला साधारण सहा महिने.

दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, माणूस म्हणतो, बरा झालो, कशाला रोज गोळ्या? किंवा एक गोळी घेतो, दुसरीने मळमळते म्हणून टाकतो. त्या क्षणी तो गुणाकार मोडतो आणि भाग्यवान जंतूला रस्ता मोकळा होतो. पुढे तो बिघडलेला जंतू घरातल्या नातवाला मिळतो आणि नातवावर पहिल्या दिवसापासूनच नेहमीचे औषध चालत नाही. सरकारी दवाखान्यात ही औषधे विनामूल्य मिळतात. तुमच्या कारखान्यात, शेतावर, घरकामाला असलेल्या कोणाचा कोर्स चालू असेल, तर त्याला महिन्याच्या महिन्याला ‘गोळ्या चालू आहेत ना?’ एवढे विचारा. औषध आणायला जायला सुटी द्या. कामावरून काढून टाकू नका, नाहीतर तो रोग लपवील.

कोरोनानेही हेच शिकवले. प्रत्येक नवी लागण म्हणजे विषाणूने लावलेली एक बोली. बोल्या जितक्या जास्त, तितकी त्याची लॉटरी लागण्याची शक्यता जास्त. ज्याला पुढे डेल्टा नाव मिळाले, त्या प्रकाराचे पहिले नमुने ऑक्टोबर २०२० मधले, भारतातले. २०२१ चा उन्हाळा कोणी विसरलेले नाही. या सभागृहातही अशी घरे आहेत, ज्यांच्या आरतीत त्या वर्षापासून एक आवाज कमी आहे. त्याबद्दल मी अधिक बोलत नाही.

उत्क्रांतीचा हात केवळ जंतूंवर फिरतो असे नाही, आपल्यावरही फिरतो. त्याची खूण सातपुड्यात आहे: सिकलसेल. भिल्ल आणि आसपासच्या इतर समाजांत हा आजार आढळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये एका जागचा एक घटक बदललेला असतो. ऑक्सिजन कमी पडला की ते रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या काड्या होतात आणि गोल तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकडी होते. बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, असह्य वेदना होतात. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की विजेच्या क्षेत्रात ठेवल्यावर हे हिमोग्लोबिन नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते. विद्युतभार वेगळा, म्हणून गती वेगळी. पुस्तकातल्या भौतिकशास्त्राने रोगाचे मूळ थेट एका रेणूत दाखवले. त्याच तत्त्वावरची तपासणी पुढे दवाखान्यांत रूढ झाली.

पण एवढा त्रास देणारा हा गुण टिकला कसा? जे. बी. एस. हाल्डेन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ पुढे १९५७ साली भारतात येऊन राहिले, भारतीय झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांनी १९४९ च्या सुमारास सुचवले होते की रक्ताचे असे काही दोष मलेरियापासून बचाव करत असावेत. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत ते दाखवून दिले. ज्याला हा जनुक फक्त आईकडून किंवा फक्त वडिलांकडून मिळतो, तो वाहक. त्याला बहुधा त्रास नसतो आणि गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. दोन्हीकडून मिळाला, तर आजार. म्हणजे रस्सीखेच. एका बाजूला मलेरिया या जनुकाला वर ओढतो, दुसऱ्या बाजूला आजार खाली ओढतो आणि दोरी मध्येच कुठेतरी स्थिरावते. भौतिकशास्त्रात याला समतोल म्हणतात. यात कोणत्याही समाजाचा दोष नाही. मलेरियाच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या तगून राहण्याची ती किंमत आहे. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी रक्ततपासणी. आपल्याच मध्य प्रदेशातून, शहडोलहून, १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आपल्यातले जे शिक्षक, डॉक्टर, परिचारिका खकनार-नेपानगरकडे काम करतात, त्यांनी कार्डावरचा ‘वाहक’ हा शब्द समजावून सांगताना ‘रोगी’ म्हणू नये, एवढी विनंती.

शेवटी आपल्या केळीकडे येतो. इथून रावेर-यावलपर्यंत केळीचे रान आहे आणि त्यात मोठा भाग जी-नाईनचा. ऊतीसंवर्धनातून आलेली ही रोपे म्हणजे एकाच झाडाच्या असंख्य प्रती. एकाला जे झोंबेल, ते सगळ्यांना झोंबेल. लागणीच्या गणितात सांगायचे, तर इथे सगळे पहिल्या गटात आणि तिसऱ्या गटात कोणीच नाही. जगाने हा धडा एकदा घेतला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ या जातीचे केळे चाले. पनामा मर या मातीतल्या बुरशीने ते बाजारातून घालवले. मग कॅव्हेंडिश गटातल्या जाती आल्या. आपली जी-नाईन त्यातलीच. आता त्याच बुरशीचा एक नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो भारतात, बिहारमध्ये, आढळला आहे. ही बुरशी मातीत कित्येक वर्षे टिकते आणि कंदातून, अवजारांना लागलेल्या मातीतून, ट्रॅक्टरच्या चाकांतून प्रवास करते.

इथेही भौतिकशास्त्र एक गोष्ट सांगते. झिरपण्याचे एक शास्त्र आहे, १९५७ साली त्याची मांडणी झाली. बुद्धिबळाच्या पटासारखा एक मोठा पट घ्या आणि त्यातली घरे मनाला येतील तशी भरत जा. भरलेल्या घरातून फक्त शेजारच्या भरलेल्या घरात जाता येते. शंभरात पन्नास घरे भरली, तरी पटाच्या या टोकापासून त्या टोकाला जाता येत नाही. सुमारे एकोणसाठ ओलांडली की एकाएकी आरपार वाट मिळते. शेत म्हणजे बुद्धिबळाचा पट नव्हे हे खरे. पण मधे मधे दुसरे पीक, फेरपालट, खात्रीची रोपे आणि दुसऱ्याच्या शेतात जाण्याआधी धुतलेली अवजारे यांनी वाट तुटते. सगळी केळी काढा असे कोणी म्हणत नाही. उंबरठ्याच्या अलीकडे राहा, एवढेच.

मंडळी, प्लेगच्या वर्षांत मुंबईच्या कचेरीत बसून जो कारकून दर आठवड्याला मृत्यूंचा आकडा लिहीत होता, त्याचे नाव इतिहासात नाही. आपल्या आकड्यांवरून कोणी समीकरण जुळवील, हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याने नोंद चोख ठेवली, इतकेच. त्या नोंदींतला प्रत्येक आकडा म्हणजे कोणाच्या तरी घरातले माणूस होते. उत्सव संपल्यावर घरी गेलात की मुलांची लसीची कार्डे काढून एखादी मात्रा राहिली आहे का ते पाहा, आणि कुलरची टाकी उपडी करा. दहातले चार जण आपण असू शकतो.



गणपती बाप्पा मोरया!